हाताचं माप

निजामाचं राज्य गेलं आणि आम्ही वऱ्हाडातून घरी परतलो. जीव मुठीत धरून पैनगंगा ओलांडली होती, तेव्हा पलीकडे आम्हाला कुणी कागद विचारला नव्हता. पळताना वाटेतच रझाकारांनी माझ्या थोरल्या दिरांना मारलं होतं. जाऊबाई तेव्हापासून कुणाशी धड बोलत नव्हत्या.

महिन्याभरात गावची बांगड्या भरणारी मुसलमान मनियारीण परत आली. हिंदुस्थानची फौज येताच तीही भिऊन हैदराबादकडे गेली होती. तिच्या घराला पटवाऱ्यांचं कुलूप होतं. तालुक्याचा हुकूमच होता, बाहेरून येणाऱ्यानं तो इथलाच असल्याची चिठ्ठी घ्यायची आणि त्या चिठ्ठीवर गावातल्या दोघांचे आंगठे हवेत.

चावडीसमोर वाद पेटला. ओळखत तर सगळेच होते, पण आंगठा द्यायची वेळ आली की जो तो आपल्या जोड्यांकडे बघे.

"उद्या कुनी बी येईल अन् म्हनंल, मी इथलाच!"

"अन् आपुन वऱ्हाडात गेलो तवा?"

"ते येगळं."

मी बायकांच्या घोळक्यात कान टवकारून उभी. माणूस अमुक गावचा हे ठरतं तरी कशावरून, याचं मला भारी कुतूहल.

पटवारी म्हणाले, "पुरावा काय हाय तुज्याकडं?"

मनियारीण गोंधळली. मग बायकांकडे वळून म्हणाली, "हात द्या की गं जरा." पहिला माझाच हात सापडला. डोळे मिटून तिनं बोटांची पेरं दाबली. "सव्वादोन. लग्नात अडीचच्या भरल्या व्हत्या, समद्या गळून पडल्या." अगदी खरं होतं. पुरुषसुद्धा हसले.

तेवढ्यात जाऊबाईंनी हात पुढे केला. हसू थांबलं. मनियारणीनं सवयीनं तो दाबला, मनगटाकडे गेली, तिथं एकही बांगडी लागली नाही आणि तिनं डोळे उघडले. दीर गेल्याचं तिला ठाऊकच नव्हतं. ती रडायलाच लागली.

"रडतीस काहून? कितीची ते सांग," जाऊबाई म्हणाल्या.

"अडीच, बाई."

"बराबर. लावा माजा आंगठा. माज्या मालकाला हिनं न्हाई मारलं."

मला त्यांचा असा अभिमान वाटला, की दुसरा आंगठा मी न विचारताच पुढे केला. मला या गावात येऊन जेमतेम दोन वर्षं झाली होती. माझी चिठ्ठी कुणी मागितली नाही.