रेघेआडचं नाव

माझ्या मावशीचे यजमान राहतात धामणगाव बढ्यात, पण अठराव्या शतकाच्या सुरुवातीचं लंडन सोडून ते कधी कुठे गेलेच नाहीत. जन्मभर कॉलेजात इंग्रजी शिकवलं, निवृत्त झाले आणि मग त्या लंडनातच कायमचे राहायला गेले म्हणा ना. तिथले छापखाने, पुस्तकविके, त्यांची भांडणं यांच्या बातम्या ते अशा सांगत, की ऐकणाऱ्याला वाटावं, काका परवाच्या एसटीने तिकडून आलेत. मोताळ्याच्या झेरॉक्सवाल्याने कुणाचं गाइड छापून विकलं, तर चोरट्या पुस्तकविक्यांचा सगळा इतिहास ते त्याला उभ्या उभ्या ऐकवत. तो बिचारा ऐकून घेई आणि पुढचं पान मशीनवर ठेवी. अख्ख्या गावात कॉफी पिणारे हे एकटेच, कारण त्या काळचे लेखक कॉफीच्या दुकानात बसत. स्टँडवरचा हॉटेलवाला भास्करभाऊ त्यांच्यासाठी चहाच्याच गंजात कॉफी उकळायचा. तिला ना चहाची चव, ना कॉफीची, पण काका डोळे मिटून प्यायचे.

पुढे त्यांनी पत्रक काढलं. तिकडच्या चालीप्रमाणे एकपानी, बिननावाचं, खाली फक्त 'एक गृहस्थ'. दर सोमवारी ते भास्करभाऊच्या हॉटेलात खिळ्याला लटकायचं. लिहिणारा कोण, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. काका मात्र ते मोठ्याने वाचून, कोण असेल बुवा हा, लिहितो झकास, असं म्हणत इकडेतिकडे बघायचे. त्या काळची एक गोष्ट त्यांच्या फार आवडीची होती. सरकारविरुद्ध काही छापलं की शिपाई छापणाऱ्याला धरून नेत, आणि लिहिणारा घरी आरामात जेवत बसे. हे सांगताना ते इतके हसत की चष्मा पुसावा लागे.

भास्करभाऊच्या मुलीला रोहिणखेडचं स्थळ आलं. बैठकीला काकांना मानाने बोलावलं. मुलाचे वडील 'आम्हाला काहीच नको' म्हणत कूलरपासून शिलाई मशीनपर्यंत प्रत्येक वस्तूला हात लावून पाहत होते. काकांना राहवेना. सोमवारच्या पत्रकात 'रो—डचे श्रीयुत वा—' अवतरले. काहीच नको म्हणता म्हणता ते भिंतीवरची पाल घरचीच की पाहुणी, याचीही चौकशी करत होते. नावाच्या मधे रेघ मारली की बदनामी होत नाही, ही तिकडची रीत काकांनी डोळे झाकून उचलली होती. तिकडे चालत असेल. मोताळा तालुक्यात ती रेघ कुणालाही वाचता आली. लोक पोट धरून हसले, मीही हसलो. कुणीतरी मोबाइलवर फोटो काढला आणि संध्याकाळपर्यंत तो रोहिणखेडात पोचला.

स्थळ मोडलं. मुलाच्या वडिलांनी फोनवर लिहिणाऱ्याचं नाव विचारलं, तेव्हा भास्करभाऊने एवढंच सांगितलं, की कागद माझ्या हॉटेलातला आहे, दोषही माझाच. मग मुलीच्या बापानेच होणाऱ्या व्याह्याची टर उडवली, असं तिकडे गावभर झालं. मुलीला मुलगा मनापासून आवडला होता, हे मावशीकडून नंतर कळलं. काका घराबाहेर पडेनात. ताट वाढलं की उठून जात.

"छापणाऱ्याला धरून नेलं, आणि मी जेवतोय," एवढंच ते मला म्हणाले.

एका सकाळी मला बरोबर घेऊन ते हॉटेलात गेले. मुद्दाम गर्दीच्या वेळी. "भास्कर, ते मी लिहिलं. मी रोहिणखेडला जाऊन सांगतो." शेवटच्या बाकापर्यंत आवाज पोचवणारा हा माणूस, पण शेजारच्या टेबलालाही जेमतेम ऐकू गेलं. मला त्यांच्याकडे बघवेना.

भास्करभाऊ चहा गाळत होता. त्याने मान वर केली नाही.

"मले का मालूम नव्हतं, सर? पण तुमचं नाव मी कसं सांगू? ते तुम्हीच सांगाले पाह्यजे होतं. पोरगी रोज पुसे मले, सर आले का म्हणून."

काका रोहिणखेडला गेले, हात जोडून सगळं कबूल करून आले. पण तोवर मुलाचं दुसरीकडे ठरलं होतं.

पत्रक तेव्हापासून बंद आहे. ती मुलगी हल्ली गल्ल्यावर बसते. परवा तिनेच विचारलं, "सर, लिहिणं काऊन बंद केलं? चांगलं लिहिता तुम्ही." ती अगदी मनापासून म्हणत होती, आणि तेच काकांना सोसवलं नाही. कॉफी तशीच ठेवून, माझा हात धरून ते उठले. स्टँड ओलांडून घर येईपर्यंत त्यांनी माझा हात सोडला नाही.