एवढं ठेवू, बाकीचं उडवून देऊ

आमच्या फोटोवाल्यांची एक खोड होती. समोर काहीही असो, ते एक डोळा मिटायचे, हात लांब करून अंगठा हवेत धरायचे आणि म्हणायचे, "एवढं ठेवू मास्तर, बाकीचं उडवून देऊ."

उडवायचा म्हणजे रंग. पुलगावात त्यांचा स्टुडिओ होता आणि आसपासच्या निम्म्या लग्नांचे अल्बम तेच करायचे. सगळा फोटो काळा-पांढरा करायचा आणि नवरीचा शालू तेवढा लालभडक ठेवायचा, ही त्यांची खासियत. लोक वेडे व्हायचे त्यापायी. तुमच्याही कपाटात असा एखादा अल्बम असेल, बघा काढून.

माझ्या मुलीच्या लग्नाचा अल्बम हाती आला तेव्हा मात्र माझं डोकंच फिरलं. व्याह्यांनी हौसेनं बांधलेला गुलाबी फेटा राखेच्या रंगाचा झाला होता. पंगतीतली जिलबी काळी. माझ्या सासूबाईंनी चष्मा पुसून पुसून चार पानं उलटली आणि विचारलं, "हे लग्नाचे फोटो होत का कोणाच्या तेरवीचे?"

तणतणत स्टुडिओत गेलो. फोटोवाल्यांनी आधी चहा मागवला. मग म्हणाले, "व्याह्याचा फेटा पाहाले कोण बसलं हाय मास्तर? पोरगी पाहा नं. किती साजरी दिसून राह्यली." पाहिलं. पोरगी खरंच साजरी दिसत होती. राग तिथंच गेला, पण मी तो गेल्याचं कबूल केलं नाही. तीस वर्षं चित्रकला शिकवली आहे मी. मास्तराला हार मानता येत नाही, हा आमच्या जातीचाच रोग.

त्यांचं ते वाक्य फोटोपुरतं नव्हतं. मतदार कार्डासाठी फोटो काढायला आलेली एक बाई स्टुलावर बसल्या बसल्या सुनेची गाऱ्हाणी सांगत होती. हे कॅमेऱ्यामागून म्हणाले, "सयपाक चांगला करते नं सून? मंग एवढं ठेवा, बाकीचं उडवून द्या. आन् आता तोंड मिटा, फोटो हालते." बाई हसली आणि तोच फोटो त्यांनी टिपला. कार्डावर हसलेलं चालत नाही म्हणून पुन्हा काढावा लागला, ती गोष्ट वेगळी.

वर्ध्याला आम्ही हौशी मंडळी दर उन्हाळ्यात फोटोंची स्पर्धा भरवतो. चिटणीस मी, नियमावली माझ्या हातची. सातवा नियम असा: सगळा फोटो काळा-पांढरा केला तर चालेल, पण एका भागाचा रंग ठेवून बाकीचा काढला तर फोटो बाद. शंका आली तर कॅमेऱ्यातला मूळ फोटो दाखवायचा. खरं सांगतो, तो नियम लिहिताना माझ्या डोळ्यांसमोर व्याह्यांचा फेटा होता.

दोन वर्षांपूर्वी फोटोवाल्यांनी पहिल्यांदाच स्पर्धेत फोटो दिला. नाचणगावच्या रस्त्याला कापसाची जिनिंग आहे, तिथं त्यांची बायको हंगामात कापसातला कचरा वेचायला जायची. हिवाळ्यात तिला डबा द्यायला गेले असताना काढलेला फोटो होता. छत, खांब, यंत्रं, बायकांची लुगडी, पापण्यासुद्धा कापसाच्या उडत्या रुईनं माखलेल्या; सगळं पांढुरकं, राखाडी. आणि मधोमध उभी त्यांची बायको. तिच्या तोंडाला बांधलेला रुमाल तेवढा लालभडक.

"हे आमची मंडळी," अर्ज देताना ते लाजत म्हणाले होते. "तिले म्हटलं, तुले वर्ध्याच्या भिंतीवर लावतो. तं म्हणते कशी, जित्या माणसाले भिंतीवर लावते का कोणी?" आयुष्यभर लोकांच्या बायका-पोरी साजऱ्या केल्या, घरच्या माणसाचा धड एक फोटो काढला नाही, याची त्यांना फार टोचणी होती. अर्जाखाली छापलेलं होतं, 'फोटोत निवडक रंगबदल केलेला नाही.' त्याखाली त्यांनी झोकात सही ठोकली.

परीक्षकांनी तो फोटो पहिला काढला. मग त्यांच्यापैकी एक जण म्हणाला, "सगळ्यांवर रुई बसली आणि एका रुमालावर नाही, हे कसं?" सगळे माझ्याकडे बघू लागले. आणि मी, ज्याला कोणी विचारलंही नव्हतं, बोलून गेलो, "अहो, रंग उडवणं हा यांचा धंदाच आहे. सगळ्या पुलगावाला माहीत आहे."

तिथंच निकाल लागला. तरी नियम म्हणून फोन केला. मूळ फोटो आहे का? नव्हता. फोटो काढल्याच्या दुसऱ्या दिवशी आर्वीला लग्न होतं म्हणून कार्ड रिकामं केलेलं, आणि स्पर्धेसाठी फोटोचा आकार लहान करून त्याच नावानं सेव्ह केलेला, त्यात मूळ पुसला गेला. जन्मभराची सवय. लग्नाच्या अल्बमचा मूळ फोटो कोण मागतो?

फोटो बाद झाला. तो परत न्यायला ते बसनं वर्ध्याला आले. मला वाटलं भांडतील. भांडले असते तर बरं झालं असतं.

"नियम बराबर हाय मास्तर," ते म्हणाले. "पण फोटोबी बराबर हाय."

"मग रुमालावर रुई का नाही?"

"ते सांगून नाई पटणार तुमाले. दिवाळीनंतर जिन सुरू झाली का येजा. सोताच्या डोळ्यानं पाहा."

येतो म्हणालो, लहान पोराला म्हणतात तसं. त्यांनी फोटो वर्तमानपत्रात गुंडाळला आणि बगलेत धरला. जाताना अंगठा हवेत धरला नाही की काही नाही.

पावसाळ्याच्या तोंडावर शेजाऱ्यांकडे लग्नाचा अल्बम पाहिला. फोटोवाल्यांचाच. त्यात सगळं होतं: निळ्या प्लास्टिकच्या खुर्च्या, हिरवा मांडव, पिवळा टँकर, आहेराच्या पिशव्या. नवरी त्या गर्दीत शोधावी लागत होती. बाजारात भेटले तेव्हा विचारलं, हे काय चालवलंय?

"आता काईच उडवत नाई," ते म्हणाले. "लोकाईले खऱ्याची सवय तं लागू द्या."

गिऱ्हाइकं कमी झाली होती, ते दिसत होतं. मी भाजीची पिशवी या हातातून त्या हातात घेतली आणि विषय बदलला.

पोळा झाल्यावर आठ दिवसांनी ते गेले. सकाळी स्टुडिओचं शटर उघडता उघडता खाली बसले, ते उठलेच नाहीत. तेरवीला गेलो होतो. त्यांच्या बायकोला, वहिनींना, हात जोडले आणि परत आलो.

दिवाळी झाली, जिन सुरू झाली. मला चैन पडेना. शेवटी एक दिवस दुपारी गेलो. आत पाच मिनिटं उभा राहिलो तर माझी काळी पँट पांढरी झाली. यंत्रांचा आवाज असा की शेजारचा माणूस ऐकू येईना. समोर बायका कापूस निवडत होत्या, सगळ्यांचे रुमाल राखाडी, कोण कोणती ते ओळखू येत नव्हतं.

इतक्यात त्यांच्यातली एक उठून बाजूला झाली. तोंडाचा रुमाल सोडला, दोन वेळा जोरात फटकारला. रुईनं भरल्या रुमालातून श्वास कसा घेणार माणूस? तिनं तो पुन्हा बांधला आणि माझ्याकडे वळली. रुमाल लालभडक. बाकी सगळं राखाडी. उडवायला तिथं काही नव्हतंच.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी जवळ गेलो आणि त्या आवाजात ओरडून सांगितलं, "वहिनी, त्यांनी खरं लिहिलं होतं! रंग उडवला नव्हता त्यांनी!"

वहिनींनी रुमाल खाली ओढला.

"मले काय सांगता मास्तर?" त्या म्हणाल्या. "मी तं तिथंच उभी होती. इचारलं कोणी?"