शेंगदाण्याचं अवियल

एकाच हॉटेलातल्या एकाच टेबलावर माणूस पाच-सहा वर्षं बसला, की शर्टावर जितके डाग पडतात तितकेच किस्सेही जमतात. डाग निदान धुता तरी येतात. किस्से मात्र दर रविवारी कुणीतरी पुन्हा ओले करतो!

वाटूर फाट्यावर सजीचं हॉटेल होतं, 'मलबार' नावाचं. तिथं खिडकीजवळचं टेबल आम्हा तिघांचं. बाबुराव तात्या शेतकरी. कापसावर आणि जेवणावर सारख्याच आवाजात रागावणारे. रऊफभाईंचं मंठ्याला कपड्याचं दुकान. आणि मी शाळामास्तर. सजीला आम्ही मदत कमी आणि सल्ले जास्त द्यायचो.

सजी केरळचा, असं लोक म्हणायचे. तो स्वतः कधी म्हणायचा नाही. त्याचे वडील वर्गीस ऐंशीच्या सुमारास झिजलेल्या टायरांवर नवं रबर चढवायचं रिमोल्डचं मशीन घेऊन फाट्यावर आले आणि इथलेच झाले. सजीचा जन्म इथलाच. वडील गेल्यावर त्यानं दुकानाच्या अर्ध्या भागात टायर ठेवले, अर्ध्यात टेबलं मांडली आणि बाहेर पाटी लावली: 'येथे घरच्यासारखे जेवण मिळेल.'

तात्या पहिल्याच दिवशी पाटीखाली उभे राहिले. "कोणाच्या घरच्यासारखं रे? तुझ्या का माझ्या?"

सजी म्हणाला, "दोन्ही घरी जेवलोय तात्या. अर्धं अर्धं हाय."

*

ते खरंच अर्धं अर्धं होतं. त्याचं कारण नारळ.

सजीची आई, जिला अख्खा फाटा अम्मा म्हणायचा, नवी नवी आली तेव्हा आपल्याकडे नारळ मिळायचा तो मारुतीच्या देवळाजवळ, उदबत्ती-कापूर विकणाऱ्याकडे. अम्मा गेली आणि बोटांनी खूण करून एकदम पाच नारळ मागितले. दुकानदारानं हात जोडले. "माय, एवढा मोठा नवस?"

अम्माला तेव्हा मराठीचे दहा-बारा शब्द येत होते. त्यातला बरा वाटला तो तिनं सांगितला. "भाजी."

पुढचे आठ दिवस गावातल्या बायका एकमेकींना विचारत होत्या, की पाच नारळांची भाजी मागणारा हा देव कुठला!

रोज पाच नारळ काही झेपेनात. मग अम्मानं शेंगदाण्याचं कूट घालायला सुरुवात केली. तांदळाच्या जागी ज्वारी आली. उसळीत येसर आला, भाजलेल्या डाळी-धान्यांचा तो आपल्याकडचा मसाला. मुलं तेच खाऊन वाढली. अवियल, म्हणजे त्यांची ती दह्या-खोबऱ्यातली मिसळीची भाजी, शेंगदाण्याशिवाय असतं हे सजीला पंधराव्या वर्षापर्यंत ठाऊकच नव्हतं.

*

पुट्टू हा त्यांचा पदार्थ पहिल्यांदा आला तो दिवस मला चांगला आठवतो. ताटात ज्वारीच्या पिठाची वाफवलेली, वीतभर लांब गोल नळी, बाजूला येसर घातलेली हरभऱ्याची उसळ. तात्यांनी नळी सगळीकडून पाहिली.

"हे कशातून काढलंस?"

"पाईपातून. अम्माची बांबूची नळी फुटली, मंग बाबांनी स्प्रिंकलरचा पाईप कापून केली."

तात्या ताठ झाले. "माझा स्प्रिंकलरचा पाईप मागं चोरीला गेल्ता!"

"चोरीला न्हाई तात्या. तुम्हीच भंगारात इकला. बाबांनी भंगारवाल्याकडून आणला. तुमचं नाव हाय त्याच्यावर."

सजीनं आतून नळी आणली. खरंच, तेलरंगानं लिहिलेलं 'बाबुराव' त्यावर अजून वाचता येत होतं. तात्यांनी ती उलटीपालटी करून पाहिली आणि परत दिली. त्या दिवसापासून त्यांनी पुट्टू हा शब्द उच्चारला नाही. हॉटेलात शिरतानाच ओरडायचे, "सजी, माझा पाईप आण!"

नवी गिऱ्हाइकं आधी घाबरायची, मग तेच मागायची.

*

एकदा अम्माच्या माहेराहून खोबरेल तेलाचा डबा आला. सजीनं त्यात केळ्याचे काप तळायला घेतले. वास बाहेर आला तसा रऊफभाईंनी आधी स्वतःच्या डोक्याला हात लावून पाहिला. मग शेजारच्या माणसाकडं संशयानं बघितलं. शेवटी उठून भटारखान्यात गेले.

"सजी, ये तो सर का तेल है!"

"चाचा, खाऊन तर बघा."

रऊफभाईंनी एक काप खाल्ला. मग उभ्या उभ्या वाटीभर खाल्ले. बाहेर येऊन गंभीरपणे म्हणाले, "चीज बढिया है. लेकिन घर पे मत बताना. आमच्या बेगम म्हणतील, इतके दिवस डोक्याला फुकट चोळलं."

*

तात्यांचा भाचा औरंगाबादला हॉटेलचा कोर्स शिकत होता. सुटीत आला, जेवला आणि डोळे मिटून म्हणाला, "मामा, याला फ्युजन म्हणतात. दोन संस्कृतींचा संगम!"

सजी पाणी वाढत होता. "आणि खोबरं सरलं, शेंगदाणे उरले, त्याला काय म्हणतेत?"

भाच्यानं थोडा विचार केला. "त्यालाच."

*

एका दुपारी केरळ पासिंगचा ट्रक थांबला. ड्रायव्हर पाटीवर 'मलबार' वाचून आनंदानं आत आला, सांबार मागितलं. सांबारात येसर. त्यानं पहिला घोट घेतला आणि वाटीत डोकावून पाहिलं. दुसरा घेतला. मग तीन वाट्या संपवल्या आणि हात पुसत गल्ल्याशी आला. मोडक्या हिंदीत विचारलं, गाव कोणतं?

सजी म्हणाला, "वाटूर."

"वो नहीं. असली गाँव?"

सजीनं बाहेर बोट दाखवलं. "वाटूर फाटा."

*

या सगळ्यात सजीचं खरं दुखणं एकच होतं, आणि ते टायरच्या ढिगाशेजारी खुर्ची टाकून बसलेलं असायचं.

अम्मा स्वतः हॉटेलात शिरायची नाही. पण रोज पहिली वाटी तिच्याकडं जायची. ती बोटभर चाखायची आणि वाटी परत पाठवायची. सोबत एक शब्द. "मीठ." "घाई." एकदा नुसतं "पाणी." एकदा तर शब्दही नाही, नुसता उसासा! सजी तो उसासा दिवसभर घेऊन फिरला.

लोक बोटं चाटायचे, परतूरहून जीप करून यायचे. सजीला त्याचं काही नव्हतं. "सर, एकडाव तिनं बराबर म्हणावं," तो मला म्हणायचा. "एकच डाव. बाकी काही नको मला."

तात्यांनी एक डाव टाकला. अम्मानं सकाळी घरी स्वतःच्या जेवणासाठी अवियल केलं होतं. त्यातलंच वाटीभर सजीनं लपवून आणलं आणि हॉटेलच्या वाटीत घालून तिच्यापुढं ठेवलं. आम्ही तिघं खिडकीतून बघत होतो.

अम्मानं चाखलं. "बराबर न्हाई."

तात्या टाळी वाजवत बाहेर धावले. "सापडली! अम्मा, हे तुझंच हाय! सकाळी तूच केलंय!"

अम्मा जराही गडबडली नाही. "मंग? मला तरी कुठं जमलं? इथं आल्यापासून एकडाव बी न्हाई."

आणि वाटी परत पाठवली.

*

माझी पत्नी सुलभा गेली, त्या दिवसांत आमच्या घरी चूल पेटली नाही. रीतीप्रमाणे आळीतून पिठलं-भाकरी यायची. तिसऱ्या दिवशी अम्मा आली. डबा ठेवला, थोडा वेळ बसली, गेली.

मला वाटलं, पिठल्यातही खोबरं असणार. नव्हतं. खोबरेलाचा वासही नव्हता. आळीतल्या कुणीही केलं असतं तसं साधं पिठलं. तात्या माझ्या शेजारी बसून जेवले. त्यांच्याही ते लक्षात आलं असावं, कारण महिन्याभरानं मी पुन्हा टेबलावर येऊ लागलो तेव्हा त्यांनी खिडकीतूनच अम्माला छेडलं, "काय अम्मा, सरांच्या घरी पिठलं लई फिकं केल्तं! तुझा मसाला कुठं गेल्ता?"

अम्मा म्हणाली, "ते सुलभाबाईच्या घरचं होतं. त्यात माझं कशाला घालू?"

 तात्यांनी सजीला पाणी मागितलं.

*

मग अम्माची थोरली बहीण यायची ठरली. पंचवीस-तीस वर्षांत पहिल्यांदा माहेरचं माणूस फाट्यावर येणार होतं. सजीची झोप उडाली.

"सर, मावशी तिथली हाय. तिला कळंल. ती म्हणली बराबर, तर अम्माला म्हणावंच लागंल."

रऊफभाईंनी त्याला धीर दिला. "अरे, सीधा वहाँ का खाना बना. शेंगदाणे बंद!"

सजी स्वतः जालन्याला जाऊन नारळ घेऊन आला. बारकाईनं कानाशी हलवून, पाणी ऐकून निवडलेले. मावशी यायच्या दिवशी सकाळी ते फोडले, तर सात नारळांतले सहा खवट! सातव्यात जेमतेम मूठभर खोबरं. सजी भटारखान्यात डोकं धरून बसला. तात्या त्याच्या पाठीवर थाप मारत म्हणाले, "घाल शेंगदाणे. पाव्हणी काय तराजू घेऊन येत न्हाई." जीप तोपर्यंत दारात येऊन थांबलीच होती. दुसरा इलाज नव्हता.

मावशी पांढऱ्या साडीतली, उंच, कडक बाई. अम्मा तिच्यासोबत आत आली. हॉटेलात पाऊल ठेवण्याची अम्माची ती पहिलीच वेळ. दोघी आमच्याच टेबलावर बसल्या. आम्ही तिघं भिंतीला लागून उभे. सजीनं दोन ताटं वाढली आणि हात पुसत राहिला. हात केव्हाच कोरडे झाले होते.

मावशीनं अवियलचा घास घेतला. चावायची थांबली. मग ताटातून कुटात राहिलेला अर्धा शेंगदाणा दोन बोटांत उचलून उजेडात धरला, ताटाच्या कडेला ठेवला आणि बहिणीशी त्यांच्या भाषेत बोलू लागली. बराच वेळ बोलली. आम्हाला शब्द कळत नव्हते. सजीचा चेहरा मात्र कळत होता.

"काय म्हणती?" तात्यांनी हळूच विचारलं.

"हे आपलं न्हाई म्हणती," सजी म्हणाला. "आईनं आपल्याला असं शिकवलं होतं का, म्हणती. घरात असं कोणीच करत न्हाई म्हणती."

अम्मा ऐकून घेत होती. बहिणीचं बोलणं संपेपर्यंत तिनं मान वर केली नाही. मग तिनं मावशीचं ताट स्वतःकडं ओढलं. कडेला ठेवलेला तो शेंगदाणा उचलून तोंडात टाकला. अवियलचा एक घास घेतला, सावकाश खाल्ला. दुसरा घेतला. सजी एखाद्या शब्दाची वाट बघत होता. मीठ, पाणी, घाई, कोणत्याही.

अम्मानं बहिणीकडं पाहिलं. त्या बाईला मराठीचा एक शब्द येत नव्हता. तरी अम्मा तिच्याशी मराठीतच बोलली.

"आमच्यात असंच करतेत."

आणि ताटातली वाटी सजीपुढं धरली. "वाढ."