नसरुद्दीनभाईंचा रामोन

जेद्दाच्या बलद या जुन्या वस्तीत, आमच्या खोलीत पाच कोकणी माणसं आणि एक टीव्ही. शुक्रवारी जुम्म्याची नमाज झाली की माशाचं कालवण, भात आणि मेक्सिकोची मालिका. ती अरबीत डब केलेली. अरबी नीट कळणारे आम्ही दोघंच: अरबांचे झगे शिवणारे नसरुद्दीनभाई आणि कापडाच्या दुकानातला मी, मुस्तफा. पण कोकणीत सांगायचं काम भाईंचं, कारण माझं तोंड फटकळ.

मालिकेतला रामोन बायकापोरं गावी ठेवून सीमेपल्याड टोमॅटो तोडायला गेलेला. आमची मंडळी म्हणायची, हा कसला मेक्सिकोचा, हा तर आपल्या म्हसळ्याचा. त्याचे कागद अडकले की इथे घास उतरत नसे. म्हणून भाई बेधडक थापा मारायचे. रामोनला मालकानं हाकललं, तर भाई सांगणार, सुट्टी दिलीय. आई अंथरुणाला खिळली, तर म्हणे, थोडा ताप आहे.

एकदा मी चिडलोच. "अहो, पाच वेळ नमाज पढता आणि खोटं बोलता?"

"पोरांना आठवडा काढायचाय, मुस्तफा. तू भात वाढ."

खरं तर आठवडा त्यांनाच काढायचा होता. त्यांची मुलगी इफरा हिचा निकाह ठरलेला. पासपोर्ट कफीलाच्या, म्हणजे व्हिसा देणाऱ्या मालकाच्या, कपाटात. रमजान तोंडावर, ईदचे कपडे शिवायचे, म्हणून कफील म्हणाला, ईदनंतर जा. तरी भाईंनी घरी कळवलं, येतोय, तारीख थोडी पुढे घ्या. एकदा नाही, दोनदा. हे मला ठाऊक होतं आणि माझ्या जिवाची तगमग व्हायची.

त्या शुक्रवारी मालिकेत रामोनच्या मुलीचं लग्न होतं. नटूनथटून ती दारात उभी, पाहुणे ताटकळलेले. आईनं तिच्या कानात काहीतरी सांगितलं. खोलीतले सगळे भाईंकडे बघू लागले.

भाईंनी घास हातातच धरला. मग म्हणाले, "आई सांगतेय, तुझा बाप येत नाही. काकाचा हात धर आणि चल."

पहिल्यांदाच त्यांनी जसंच्या तसं सांगितलं.

त्यांनी मोबाइल काढून घरी भावाला लावला. "जमालुद्दीन, इफराचा वकील तू हो, निकाहात माझ्या जागी उभा राहा. माझी परवानगी आहे. येत्या जुम्म्याला निकाह लावून टाक, रमजानच्या आधी."

एवढं मोठं काम माणसानं हातात घास धरून केलं. मला त्या कफीलाची मान मुरगाळावीशी वाटली.

मग इफरा फोनवर आली. भाईंना कमी ऐकू येई, म्हणून मोबाइलचा आवाज मोठा. सगळ्यांना ऐकू आलं.

"अब्बा, येणारच नव्हता, तर मला दोनदा का थांबवलंत?"

भाईंनी आमच्याकडे पाहिलं. आम्ही ताटात पाहिलं.

"मला वाटलं, सोडतील गं," ते म्हणाले.