पाय लागला की

इथं अमेरिकेत, ट्रॉय शहरातल्या आमच्या शेजारच्या काकांचा पाय कुणाला लागला, की ते वाकून त्या माणसाला हात लावतात आणि मग तो आपल्या कपाळाला. दुकानाच्या रांगेत लोक दचकून मागे सरतात. "काका, इथं नका हो करू," मी म्हणतो. "हात ऐकत नाही रे," ते म्हणतात.

मागे एकाने लाल सिग्नल तोडून त्यांची गाडी ठोकली. दोघं उतरले. तो फोटो काढत असताना काकांचा पाय त्याच्या पायाला लागला, आणि काका वाकले. नेमका तोच फोटो घेऊन तो स्मॉल क्लेम्स, म्हणजे छोट्या दाव्यांच्या, कोर्टात आला. "चूक याची होती, म्हणून तर माफी मागत होता!"

साक्षीदार नव्हता. तिथं वकीलही चालत नाही. जजबाईंनी विचारल्यावर काका "माय फूट... युवर ऑनर, अवर कल्चर..." एवढंच म्हणत राहिले. मी मागच्या बाकावर बसून ऐकत होतो.

फोटो नीट दाखवायला काका पुढे सरकले, आणि त्यांचा पाय त्या माणसाच्या बुटावर पडला. काका वाकले. हात बुटाला, मग कपाळाला. संपलं, मी मनात म्हटलं.

"सी? ही डिड इट अगेन!" तो ओरडला.

जजबाईंनी फोटो खाली ठेवला. "आणि आत्ता कोणत्या अपघाताची माफी मागितली त्यांनी?"

काका जिंकले.

तो पाय लागला की लावला, हे विचारायचं धाडस मला अजून झालेलं नाही.