मास्तरांच्या डोक्यावरचं छत

बारा वर्षं मी डोक्यावरून माल वाहिला. नवरा गवंडी आणि मी त्याची बिगारी. कुरुंद्याहून वसमतला आलो ते याच कामासाठी. सिमेंट-वाळूचा माल कालवायचा, वर द्यायचा, विटा भिजवायच्या, एवढंच बाईचं काम. गिलावा थापायची करणी हातात घेतली की लोक हसायचे. तरी दुपारी सगळे भाकरी खायला बसले की मी उरलासुरला माल घेऊन मागच्या भिंतीवर हात चालवून बघायची. नवऱ्यानं कधी अडवलं नाही. उलट भाकरीचा घास तोंडात धरून लांबूनच ओरडायचा, "मनगट ढिलं सोड!"

नव्वद सालाच्या पुढं काही वर्षांनी त्याचा उजवा खांदा धरला. भिंतीचा गिलावा कसाबसा व्हायचा, पण छताला हात वर जाईना. नेमकं तेव्हाच एका रिटायर मास्तरांच्या घरचं काम आलं. मास्तरांचं अर्धं अंग वाऱ्यानं गेलेलं. दोन वर्षांपासून ते पलंगावर उताणे पडून होते. पावसाळ्यात स्लॅब गळाला, छताचा गिलावा फुगला आणि त्यातला एक पोपडा त्यांच्या उशाशीच येऊन पडला.

नवऱ्यानं मास्तरीणबाईंना खरं ते सांगून टाकलं. "छत ही करंल. माझा हात वर जात न्हाई."

"बाईमाणूस छत करणार?" त्या माझ्याकडं वरपासून खालपर्यंत बघत राहिल्या.

आतून मास्तरांचा जड, अडखळता आवाज आला, "करू दे तिला. मी बघतो."

पलंग ओसरीत हलवला, तोही दारातून छत दिसेल असा. गच्चीवरची भेग नवऱ्यानं बुजवली. खाली मी सुटलेला गिलावा ठोकून पाडला, छत भिजवलं आणि परांचीवर चढून माल मारला. नाकातोंडात सिमेंट, मान आखडलेली. पण संध्याकाळी छत असं झकास दिसत होतं की मला घरी जावंसं वाटेना.

तिसऱ्या दिवशी सकाळी आम्ही येऊन बघतो तर ताटाएवढा तुकडा फरशीवर पडलेला.

मास्तरीणबाई खाली बसून चुरा गोळा करत होत्या. तेच जास्त लागलं. नवरा हळूच म्हणाला, "दुसरा मिस्त्री बघू का?"

मी तो तुकडा उचलून उलटा केला. पाठ गुळगुळीत, त्यावर गंजाची एक लाल रेघ. मालानं वरच्या स्लॅबला धरलंच नव्हतं.

"न्हाई," मी म्हणाले. "चुकी माझी हाय. मीच करते."

तुकडा घेऊन मी ओसरीत गेले. मास्तरांनी विचारलं, "काहून पडलं?"

"सळईचा गंज घासला न्हाई, मास्तर. छन्नीचे टोचे कमी मारले. अन् सगळा माल एकदाच जाड थापला."

त्यांनी डोळे मिटून मान हलवली. "बराबर. आता कर."

पुढचे दोन दिवस मी मालाला हातच लावला नाही. सळया तारेच्या ब्रशनं चकचकीत होईस्तोवर घासल्या. छन्नीनं सगळं छत टोचून टोचून खडबडीत केलं, रात्रभर मुरेल इतकं पाणी मारलं. मग सिमेंटची पातळ रबडी, तिच्यावर पहिला पातळ थर. दुसरा थर दुसऱ्या दिवशी. तो ओला असतानाच नीरू, म्हणजे चाळलेल्या चुन्याचा गुळगुळीत लेप, घेऊन करणी फिरवली, मनगट ढिलं सोडून.

छत वाळल्यावर मास्तरांनी वायरचा बल्ब मागवला आणि भिंतीला टेकवून आडवा उजेड टाकायला लावला. आडव्या उजेडात करणीची एकही लाट लपत नाही, हे त्यांना कसं ठाऊक, देव जाणे.

"खिडकीपाशी पोट आलंय."

मला राग आला. तरी वर चढून सपाटी बघायची पट्टी लावली. काडेपेटीच्या काडीएवढं पोट खरंच होतं. घासून काढलं, पुन्हा नीरू फिरवला.

पलंग परत जागेवर आला. मास्तर उताणे पडून कितीतरी वेळ वर बघत राहिले. मग बायकोला म्हणाले, "आता पडून राहायला काही तकलीफ न्हाई."

मास्तरीणबाई हसल्या आणि हसता हसता पदरानं डोळे पुसले. मी बाहेर नळावर हात धुवायला गेले, ते धुतच राहिले.

त्यानंतर मास्तरांना भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला आधी छताकडं बघावं लागायचं. त्यातल्या कितीतरी जणांनी मला शोधत घर गाठलं. आमच्या वस्तीतल्या दोन बाया माझ्याबरोबर माल कालवायला यायच्या; त्यांच्याही हातात मी करणी दिली. दोन हजार सालानंतर औंढ्याला यात्रेकरूंसाठी एक हॉल बांधला जात होता. त्याचं छत आम्हीच घेतलं. एक दिवस मालक कामावर आला आणि वर बघत ओरडला, "मिस्त्री कोण हाय इथं?"

परांचीवरून आम्ही तिघींनी एकदमच हात वर केला.