फुलाला न शिवणारा पंच

धुळ्यात बॅडमिंटनच्या शटलला फूल म्हणत. दुकानदार फूल म्हणून विकत, पोरं फूल म्हणून मागत आणि पंचसुद्धा "फूल बदला" असंच सांगत. झुंबरलाल भिकमचंद यांच्या आईने, गुलाबबाईंनी, हा शब्द पहिल्यांदा ऐकला तेव्हा त्यांच्या कपाळाला आठी पडली. घर स्थानकवासी जैनांचं. देवालाही फूल न वाहणारं.

"फुलाला मारता?" त्यांनी विचारलं.

झुंबरलालनी खिशातून ते काढून दाखवलं. गुलाबबाईंनी हात न लावता, मान वाकडी करून पाहिलं.

"याला फूल कोण म्हणालं? हा तर पक्षी आहे," त्या म्हणाल्या आणि पुन्हा डाळ निवडायला लागल्या.

ही १९६२ची गोष्ट. झुंबरलाल तेव्हा चोविशीचे, वडिलांच्या कापडदुकानात गादीवर बसणारे. गावातल्या एका जिनिंग फॅक्टरीचं गोदाम पावसाळाभर रिकामं असे. छत उंच, वारा नाही, खाली गुळगुळीत कोबा. मालकाच्या पोरांनी तिथे पांढऱ्या रंगाच्या रेघा मारून कोर्ट केलं होतं. छताच्या कैच्यांवर मागच्या हंगामातला कापूस अडकलेला असे आणि जोराचा फटका बसला की त्याचे पुंजके खाली तरंगत येत. कधी कधी फूल कोणतं आणि कापूस कोणता हे खेळणाऱ्यालाही कळत नसे. दिवाळीनंतर कापसाच्या गाड्या आल्या की खेळ बंद. त्यामुळे धुळ्याचा बॅडमिंटनचा हंगाम आखाडात सुरू होई आणि दसऱ्याच्या स्पर्धेने संपे.

झुंबरलाल त्या कोर्टवर दोन वर्षांत चांगले तयार झाले. ताकद बेताची, पण नेटजवळ हात हलका. १९६४च्या दसऱ्याला ते जिंकतील असं गोदामात सगळे धरून चालले होते. त्याआधी पर्युषण आलं.

"घरात सगळ्यांनी काही ना काही सोडलंय," गुलाबबाई म्हणाल्या. "तू एकटा कोरा. यंदा एक तरी बाधा घे, काहीतरी सोडायचा नेम."

झुंबरलालनी विचार केला तो व्यापाऱ्याच्या डोक्याने. बाधा अशी हवी की पुण्य पूर्ण आणि तोशीस काही नाही. त्यांचे बूट कॅनव्हासचे, घड्याळाचा पट्टा धातूचा, पैशाची पिशवी कापडाची. रॅकेटच्या मुठीवर तेवढी चामड्याची पट्टी होती. ती सोलून त्यांनी दुकानातल्या मांजरपाटाची पट्टी गुंडाळली. मग स्थानकात, जैन साधू उतरतात त्या जागी, जाऊन महाराजसाहेबांसमोर हात जोडले आणि आयुष्यभर चामड्याला हात न लावण्याची बाधा मागितली.

"काही आगार?" महाराजसाहेबांनी विचारलं.

आगार म्हणजे सवलत. बाधा घेताना आधीच सांगून ठेवायची असते: आजारपणात नाही, परगावी नाही, अमुक प्रसंगी नाही. जे सांगितलं ते मोकळं, जे सांगितलं नाही ते बंद.

"आगार नको," झुंबरलाल म्हणाले. मागे बसलेल्या चार माणसांनी माना डोलावल्या. झुंबरलालना ते आवडलं.

पुढच्याच आठवड्यात रॅकेटच्या तारा तुटल्या. धुळ्यात तेव्हा विणून देणारं कोणी नव्हतं. चाळीसगावला गाडी बदलून ते जळगावला गेले, रतिलालच्या दुकानात. रतिलाल गुजराती, खेळाचं सामान विकणारा, तोंडाचा फटकळ.

"नायलॉन घालू की गट?" रतिलालने विचारलं.

"गटच. नेहमी गटच घालतो."

"नेहमी?" रतिलालने चष्म्यावरून पाहिलं. "आणि स्थानकात जाता ना तुम्ही? झुंबरशेठ, गट म्हणजे काय समजता?"

"गट म्हणजे वर्ग. मालाचा पहिला गट, दुसरा गट. कापडात नसतात का?"

रतिलाल हसला नाही. हे बहुधा त्याला हसण्यापलीकडचं वाटलं. "गट म्हणजे आतडं," तो म्हणाला. "मेंढीचं. वाळवून, पिळून तार करतात."

झुंबरलालनी रॅकेट हळूच काउंटरवर ठेवली आणि तळहात धोतराला पुसले. "तुम्ही विकता हे?"

"विकतो. कोणाच्या गळ्यात मारत नाही."

"मग नायलॉन घाला."

"घालतो. पण आता आणखी काय विचारायचं ते विचारून घ्या. पुन्हा येऊन माझ्या नावाने खडे फोडू नका."

झुंबरलालची नजर बरणीसारख्या लांब डब्यातल्या फुलांवर गेली. पिसांचं त्यांना ठाऊक होतं. खालच्या गोल बुडाकडे त्यांनी बोट केलं. "ते पांढरं?"

"आत बूच. वरून कातडं, कोकराचं. त्याशिवाय टिकतच नाही."

परतीच्या गाडीत झुंबरलालनी बरीच वकिली केली. आतडं म्हणजे चामडं नव्हे. तरी ते सोडलं, प्रश्न मिटला. फुलाचं बूड चामड्याचं, पण पिसं चामड्याची नाहीत. मग पिसांना धरून सर्व्हिस करायची आणि खाली पडलेलं फूल रॅकेटने उचलायचं. बाधा शाबूत, खेळही शाबूत. चाळीसगावला उतरेपर्यंत त्यांचं समाधान झालं होतं.

दसऱ्याच्या स्पर्धेत ते तसे खेळलेही. दुसऱ्या फेरीत समोरच्याचा स्मॅश सरळ छातीवर आला आणि बुडाचा ठोका सदऱ्यावर बसला. झुंबरलाल जागीच थांबले. बाधेत हात म्हटलं होतं, छाती नव्हे, हा मुद्दा त्यांना लगेच सुचला. तो इतक्या लगेच सुचला याचीच त्यांना शरम वाटली. गादीवर बसून कापड मापताना बोटभर ढिला सोडणारे आणि बोटभर ताणणारे दोन्ही प्रकारचे व्यापारी त्यांनी पाहिले होते. आपण कोणते, हे त्या क्षणी त्यांना कळलं. तो सामना त्यांनी पुरा केला, जिंकला आणि पुढच्या फेरीला आलेच नाहीत.

गुलाबबाईंना हे कळलं तेव्हा त्या म्हणाल्या, "मी खेळ सोड म्हटलं नव्हतं."

"तुम्ही नाही, बाई. मीच आगार नको म्हटलं."

वर्षभर ते गोदामाकडे फिरकले नाहीत. पुढच्या दसऱ्याला धाकटा भाऊ दीपचंद पहिल्यांदा उतरला म्हणून पाहायला गेले. पंच आला नव्हता. कोणीतरी म्हणालं, "झुंबरशेठ, बसा. नुसतं बघायचं आणि बोलायचं." कापसाच्या गंजीवर चढायच्या घोडीवर फळी ठोकून पंचाची खुर्ची केलेली होती. झुंबरलाल वर चढून बसले आणि अर्ध्या तासात त्यांच्या लक्षात आलं की, या खेळात कोर्टच्या आत असून फुलाला हात लावावा न लागणारी जागा ही एकच आहे.

मग ते पंचगिरीच्या मागे लागले. नियमांचं पुस्तक मागवलं, जळगावला जाऊन पंचाची परीक्षा दिली. आवाज खणखणीत, गुण सांगताना घाई नाही, प्रेक्षकांकडे पाहणं नाही. पिंपळनेरपासून जळगावपर्यंत कुठेही स्पर्धा असली की झुंबरशेठना बोलावणं येई. फूल तपासायची त्यांची स्वतःची पद्धत होती. खेळाडूने खुर्चीखाली यायचं, बूड चिमटीत धरून फूल वर करायचं आणि सावकाश फिरवायचं. ते वरून बघत आणि "चालेल" किंवा "बदला" म्हणत. पोरं म्हणत, "झुंबरशेठ फुलाचं दर्शन घेतात." बाधा सगळ्यांना माहीत होती आणि सगळे ती सांभाळत. सहा वर्षं असंच चाललं.

१९७१च्या दसऱ्याला अंतिम सामन्यात एका बाजूला दीपचंद आला आणि दुसऱ्या बाजूला सोनगीरचा निंबा. निंबा शेतकऱ्याचा मुलगा, धुळ्याच्या कॉलेजात असताना खेळ शिकलेला. खांदा दणकट, स्मॅश असा की कैच्यांवरचा कापूस उडावा. दीपचंदचा हात भावासारखा हलका.

सख्ख्या भावाच्या सामन्याला झुंबरलाल बसायला तयार नव्हते. आयोजकांनी सकाळीच निंबाला विचारलं.

"भाऊ बठेल शेतस ना खुर्चीवर?" निंबा झुंबरलालकडे बोट करून म्हणाला. "मंग माले काय भेव शे?"

झुंबरलालनी ते ऐकलं आणि घोडी चढले.

पहिला गेम निंबाने सहज घेतला. दुसऱ्यात काहीतरी बदललं. त्याचे स्मॅश पोचेनात. नेट ओलांडलं की फूल दमल्यासारखं खाली बसे आणि दीपचंद ते आरामात उचली. दुसरा गेम दीपचंदचा झाला. तिसऱ्यात अकरा-आठ अशी त्याची आघाडी असताना निंबाने वर पाहिलं.

"भाऊ, फूल जड व्हई गये."

झुंबरलालनाही ते दिसत होतं. सर्व्हिसच्या आधी दीपचंद पाठमोरा होऊन पिसं सारखी करी. सगळेच करतात. पण पिसांची टोकं बाहेर वळवली की फूल हवा धरतं आणि मंद होतं, हे नेटजवळ खेळणाऱ्याला सांगावं लागत नाही. झुंबरलालना तर मुळीच नाही.

"दाखव," ते म्हणाले.

दीपचंद खुर्चीखाली आला. फूल वर धरलं आणि फिरवलं. झुंबरलाल पाहत राहिले. फूल फिरत होतं, पण पिसांवर टेकलेला अंगठाही फुलाबरोबर फिरत होता.

"अंगठा काढ."

"पडेल, भाईजी."

दोन-चार जण हसले. झुंबरलालनी रेषेवर बसलेल्या माणसाला हाक मारली. "याच्या हातून घ्या आणि मला दाखवा."

दीपचंदने हात मागे घेतला. "नियमात पंचाने तपासावं असं आहे. हा हातात घेऊन मोडेल आणि नाव माझं होईल. मी पंचाच्याच हातात देईन." आणि त्याने फूल वर केलं, भावाच्या गुडघ्यापर्यंत. चेहरा अगदी साधा ठेवला होता. बाधा घेतली त्या दिवशी तो गुलाबबाईंच्या शेजारीच स्थानकात बसला होता.

निंबा नेटला हात लावून उभा होता. त्याला जे बोलायचं होतं ते तो सकाळीच बोलला होता.

फूल बदला म्हणून सांगता आलं असतं. नवं फूल आलं असतं आणि दीपचंदने पुन्हा पाठ फिरवून तेच केलं असतं. ताकीद द्यायची तर आधी फूल पाहायला हवं होतं. पिसांना धरून पिसं तपासता येत नाहीत. धरायचं तर बुडाला. झुंबरलालना जळगावहून येतानाची गाडी आठवली. वकिली करायला आताही जागा होती. भाऊ आहे, समाजातला आहे, बाधा बिनआगार आहे. कोणी बोट दाखवलं नसतं.

त्यांनी हात खाली केला आणि दीपचंदच्या चिमटीतून फूल घेतलं.

बूड त्यांना वाटलं होतं त्यापेक्षा मऊ होतं. त्यांनी ते डोळ्यांसमोर धरून फिरवलं. एका अंगाची पिसं टोकाला बाहेर मोडलेली होती. त्यांनी ती बोटाने दाखवली, आधी एका बाजूच्या प्रेक्षकांना, मग दुसऱ्या.

"दीपचंद भिकमचंद, ताकीद," ते म्हणाले. "पुन्हा झालं तर सामना निंबाचा. फूल नवं. गुण अकरा-आठ."

दीपचंद पांढरा पडला होता. ताकिदीने नव्हे. तो भावाच्या हाताकडे पाहत होता.

नव्या फुलावर निंबाचे स्मॅश पुन्हा पोचू लागले. त्याने बरोबरीही साधली. पण शेवटी दोन ड्रॉप त्याच्या हाताबाहेर गेले आणि दीपचंद जिंकला. त्या मोडक्या पिसांची गरजच नव्हती, असं दीपचंद पुढे कधी कधी म्हणे, त्यावर झुंबरलाल म्हणत, "ते तुला तेव्हा कुठे माहीत होतं?" निंबा घोडीपाशी आला, झुंबरलाल उतरेपर्यंत थांबला. "हारनू ते हारनू, भाऊ," तो म्हणाला, "पन फूल खरं व्हतं." आणि सोनगीरची एस.टी. गाठायला निघून गेला.

घरी गुलाबबाईंनी दीपचंदचा कप पाहिला आणि झुंबरलालचं ताट तसंच राहिलेलं पाहिलं. त्यांनी दोघांनाही काही विचारलं नाही. दीपचंदनेच सांगितलं, मान खाली घालून, सगळं. ऐकून त्या म्हणाल्या, "कप माझ्या समोरून उचल." कप बरेच दिवस धान्याच्या कोठीमागे होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी झुंबरलाल स्थानकात गेले; दीपचंदही मागोमाग आला. चातुर्मासाला त्या वर्षी दुसरे महाराजसाहेब होते, वयाने लहान, बोलायला कमी. झुंबरलालनी झालं ते सांगितलं. महाराजसाहेबांनी तीन आयंबिलं दिली: दिवसातून एकदाच, बसल्या जागी, बिनमिठाचं आणि बिनतेलाचं खायचं. झुंबरलालनी ती स्वीकारली, पण उठले नाहीत.

"बाधा पुन्हा घ्यायची आहे," ते म्हणाले. "तीच. या वेळी एक आगार ठेवून."

"कसला?"

"फूल."

महाराजसाहेबांच्या भुवया आक्रसल्या. "फूल तोडता?"

"तोडत नाही. तपासतो."

झुंबरलालनी मग खेळ समजावून सांगितला: नेट, पिसं, बूड, खुर्ची. समजावताना हात आपोआप वर गेले, मनगट वळलं. सात वर्षांत त्यांनी रॅकेट धरली नव्हती.

"म्हणजे खेळण्यासाठी आगार हवा," महाराजसाहेब म्हणाले.

झुंबरलालना एका शब्दात हो म्हणता आलं असतं. मागे दीपचंद बसला होता. त्याने मान वर केली.

"नाही," झुंबरलाल म्हणाले. "खुर्चीवर असेन तेवढ्यापुरताच."